किरिनो यांची रात्रपाळी

१९९८ साली जपानमधील नाओकी पारितोषिकाच्या अंतिम यादीत नात्सुओ किरिनो यांची ‘आउट’ ही कादंबरी होती. पारितोषिक तिला मिळाले नाही. त्याच वर्षी जपानी रहस्यलेखकांच्या संघटनेने मात्र तिचा गौरव केला, आणि पुढच्याच वर्षी ‘यावाराकाना होहो’ (कोवळे गाल) या कादंबरीसाठी किरिनोंना नाओकीही मिळाले. येथे हे लक्षात घ्यावयास हवे की आकुतागावा आणि नाओकी ही दोन पारितोषिके १९३५ साली एकत्रच सुरू झाली. पहिले ‘शुद्ध’ साहित्यासाठी, दुसरे लोकप्रिय साहित्यासाठी. म्हणजे नाओकीच्या दारात रहस्यकथेला मज्जाव नव्हता. परीक्षकांच्या निवडीतून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, हे आम्ही जाणतो. तरीही ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. ‘कोवळे गाल’ ही हरवलेल्या मुलीच्या आईची व्यथा आहे. वाचक तिच्यासाठी हळहळू शकतो. ‘आउट’मधील बायका मात्र प्रेताचे तुकडे करतात, त्याचा मोबदला ठरवतात, आणि हळहळीची मागणी करीत नाहीत.

किरिनोंचे चरित्र सांगण्याची एक रूढ रीत आहे. जन्म १९५१, कानाझावा येथे. वडील वास्तुशास्त्रज्ञ, त्यांच्यामागे सेंदाई, साप्पोरो अशी गावे बदलत किशोरवयात टोकियोच्या उपनगरात येणे. १९७४ मध्ये सेइकेइ विद्यापीठातून कायद्याची पदवी, मग किरकोळ नोकऱ्या, १९७५ मध्ये लग्न. १९८४ पासून प्रणयकादंबऱ्या. १९९३ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, एदोगावा राम्पो पारितोषिक आणि रहस्यकथेत प्रवेश. नंतर ‘आउट’, नाओकी, इझुमी क्योका, तानिझाकी, योमिउरी अशी चढत्या क्रमाची पारितोषिके. २०२१ मध्ये जपान पेन क्लबच्या पहिल्या महिला अध्यक्ष. ही एक शिडी आहे. खालच्या पायरीवर प्रणय, मधल्या पायरीवर रहस्य, वरच्या पायरीवर साहित्य. अभ्यासक्रमात एखाद्या ‘लोकप्रिय’ लेखकाला जागा द्यायची झाली की आपणही हीच शिडी लावतो: लेखकाने प्रकाराच्या मर्यादा ओलांडल्या, असे आधी सिद्ध करतो आणि मगच त्याला वर्गात बसू देतो. आमचा आक्षेप या शिडीला आहे. किरिनोंनी गुन्हेकथा ओलांडली नाही. त्यांना जे सांगायचे होते ते गुन्हेकथेतच सांगता येत होते, आणि ते होते बाईच्या कामाविषयी.

शिडीच्या खालच्या पायरीपासूनच पाहू. राम्पो पारितोषिकापूर्वीच्या वर्षांत किरिनोंनी प्रणयकादंबऱ्या लिहिल्या, नोबारा नोएमी या नावाने मुलींसाठी कादंबऱ्या लिहिल्या, बायकांसाठीच्या चित्रकथांना संहिता पुरवल्या. चरित्रकारांच्या भाषेत हा ‘उमेदवारीचा काळ’. आमच्या मते ते मागणीबरहुकूम केलेले, ठरलेल्या मापाचे काम होते. वाचक कोणत्या वयाची, तिला शेवटी काय हवे, किती पानांत हवे, हे सारे आधीच ठरलेले. लिहिणे ही मजुरी असू शकते, हे ज्या लेखिकेने एवढी वर्षे अनुभवले, तिच्या पुढच्या लेखनात मजुरीचे वर्णन इतके अचूक असावे यात नवल नाही. प्रतिभेची वाट पाहत बसलेल्या लेखकाला कामाचा वेग, हातांचा क्रम, पाळीचा थकवा यांविषयी असे लिहिता येणार नाही, असे आम्हांस राहूनराहून वाटते.

आता ‘आउट’. प्रकाशन १९९७. स्टीफन स्नायडर यांचा इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये आला आणि २००४ मध्ये अमेरिकेच्या एडगर पारितोषिकाच्या सर्वोत्कृष्ट कादंबरीच्या नामांकनांत ती होती. तोवर कोणत्याही जपानी लेखकाला हा मान मिळाला नव्हता. आम्हीही ती या अनुवादातूनच वाचली, त्यामुळे मूळ जपानी वाक्याच्या घडणीवर बोलण्याचे धाडस करीत नाही. पण कादंबरीची रचना अनुवादातूनही स्वच्छ दिसते.

टोकियोच्या पश्चिमेकडील उपनगरात जेवणाचे डबे भरण्याचा कारखाना आहे. चौकानाक्यावरच्या दुकानांत सकाळी जे तयार डबे विकले जातात ते इथे रात्री भरले जातात. पाळी मध्यरात्री सुरू होते आणि पहाटे साडेपाचला संपते. रात्रपाळीचा दर दिवसापेक्षा थोडा जास्त, म्हणून बायका येतात. आत शिरण्यापूर्वी कपड्यांवरचा केस न् केस काढायचा, हातांची तपासणी. बोटाला जखम असेल तर अन्नाला स्पर्श नाही. मग सरकत्या पट्ट्यासमोर रांग. एकीने भात टाकायचा, दुसरीने तो सपाट करायचा, तिसरीने रस्सा ओतायचा. पट्ट्याच्या तोंडाशी योशिए ही विधवा उभी राहते; रांगेचा वेग तिच्या हातावर चालतो. घरी तिची अंथरुणाला खिळलेली सासू आहे. कुनिको कर्जात बुडालेली आहे, यायोईला दोन लहान मुले आहेत, आणि मासाको कातोरी कुणाशी फारशी बोलत नाही. कारखान्यात जपानी वंशाचे ब्राझिली मजूरही आहेत. १९९० मध्ये जपानने परदेशांतील जपानी वंशजांना कामासाठी दार उघडले, तेव्हापासून अशा कारखान्यांत जपानी बायका आणि ब्राझिली तरुण एकाच रांगेत उभे राहू लागले. किरिनो हे भाष्य म्हणून सांगत नाहीत. ती रांगच तशी आहे.

यायोईचा नवरा साठवलेले पन्नास लाख येन जुगारात घालवतो आणि तिलाच मारतो. एका रात्री ती कमरेच्या पट्ट्याने त्याचा गळा आवळते. प्रेताचे काय करायचे, हा प्रश्न मासाकोपुढे येतो आणि ती तो स्वीकारते. तिच्या घरच्या न्हाणीघरात ती आणि योशिए ते प्रेत कापतात.

हा प्रसंग बीभत्स म्हणून गाजला. आम्हांला त्यात बीभत्सापेक्षा काहीतरी वेगळे आणि अधिक अस्वस्थ करणारे दिसते: सराईतपणा. या बायका जे करतात ते त्यांना येते. मांस कापणे, रक्त धुणे, पिशव्या भरणे, फरशी घासणे, वेळेचा हिशेब ठेवणे. कारखान्यात आणि स्वयंपाकघरात आयुष्यभर जे कौशल्य कोणी कौशल्य म्हणून मोजले नाही, त्याची किंमत पहिल्यांदा या न्हाणीघरात ठरते. किंबहुना तिथली कामाची वाटणी ही पट्ट्यावरच्या वाटणीचीच पुढची पायरी आहे. यायोईला विम्याचे पाच कोटी येन मिळणार असतात. त्यातून मोबदला द्यायचा असतो. कुनिको तिच्या वाटच्या पिशव्या कोगानेइ उद्यानात निष्काळजीपणे टाकते आणि तिथून सारे उघडकीस येऊ लागते. लक्षात घ्यावे, संकट पापामुळे ओढवत नाही, कामचुकारपणामुळे ओढवते. पुढे एक सावकार मासाकोपुढे प्रस्ताव ठेवतो की हे काम धंदा म्हणून का करू नये. कादंबरीच्या तर्कात हा प्रस्ताव मुळीच विचित्र वाटत नाही. हीच तिची भयानकता.

मासाकोचा पूर्वेतिहास दोन-चार पानांतच येतो, पण आमच्या मते कादंबरीचा कणा तिथे आहे. ती वीसेक वर्षे एका पतसंस्थेत नोकरीला होती. मागून आलेले पुरुष पुढे गेले, तिचा पगार आणि पद जिथल्या तिथे राहिले. तिने विचारणा केली. मग तिला एकटे पाडले गेले आणि अखेर बाहेर काढले गेले. जपानमध्ये नोकरीतील समान संधीचा कायदा १९८६ पासून अमलात होता. कायदा आला त्या वेळी मासाको नोकरीत होती, हे कोणीही बोलून न दाखवता कादंबरी वाचकाला जाणवून देते. घरी मुलगा बोलत नाही, नवरा वेगळ्या खोलीत झोपतो. यायोईला मदत का केली, या प्रश्नाचे उत्तर मासाकोला शेवटपर्यंत देता येत नाही. मैत्री नव्हे, कणव नव्हे, पैसा तर नव्हेच. आम्हांस वाटते, कित्येक वर्षांनंतर तिच्या कर्तबगारीला साजेसे काम तिच्यापुढे आले, एवढेच कारण पुरेसे आहे.

‘आउट’ला स्त्रीवादी सूडकथा म्हणणे सोपे आहे, आणि तसे म्हटलेही जाते. विद्यार्थ्यांच्या निबंधांत तर हा शब्द हमखास येतो. तो आम्हांला अपुरा वाटतो. सूड घ्यायला नवऱ्याला मारणारी एक यायोई आहे, आणि ती चौघींमध्ये सर्वांत पोकळ आहे. खुनानंतर तिला हलके वाटते आणि पुढे ती जवळजवळ विसरूनच जाते. बायका एकमेकींना आधार देतात हेही खरे नाही. त्या एकमेकींना पैसे देतात, धाक घालतात, विकतात. योशिएचे दारिद्र्य तिला उदात्त करीत नाही. पीडित माणूस पीडित असल्यामुळे चांगला होत नाही, हे किरिनोंचे भान सूडकथेच्या चौकटीत बसत नाही.

मात्र या कादंबरीच्या शेवटाविषयी आमचे मन साफ नाही. या खुनाच्या संशयावरून पकडला गेलेला, निर्दोष म्हणून सुटलेला, पण आपले क्लब गमावून बसलेला साताके खऱ्या गुन्हेगारांच्या शोधात निघतो. त्याने फार पूर्वी एका बाईला हाल करून मारलेले असते आणि त्या आठवणीतच तो जगत असतो. अखेर मासाको त्याच्या तावडीत सापडते. हा प्रसंग किरिनो दोनदा सांगतात, एकदा त्याच्या बाजूने आणि एकदा तिच्या. बांधलेल्या, अत्याचार सोसणाऱ्या मासाकोच्या मनात द्वेषाबरोबर ओढही जागी होते. ती त्याला मारते आणि त्याच्यासाठी रडते. अनेक समीक्षकांना हे धैर्य वाटले. दुहेरी निवेदनाचे कसब आम्हीही मान्य करतो. पण ज्या कादंबरीने चारशे पाने कामाचा, पैशाचा, वेळेचा काटेकोर हिशेब ठेवला, तिने शेवटी हिशेबाची वही मिटून मृत्यू आणि वासना यांच्या धुक्यात शिरावे, हे आम्हांस पटत नाही. मासाकोसारख्या बाईला ओळखणारा एकमेव माणूस तिचा छळ करणारा असावा, ही कल्पना कठोर सत्य म्हणून आलेली नाही. तिच्यात थोडा जुना, पुरुषी रोमान्स आहे. कदाचित प्रणयकादंबऱ्यांचे देणे इथे फेडले गेले असावे. असो. मासाको त्यानंतर हाती पैसा घेऊन एकटीच निघते. ते शेवटचे पान मात्र पुन्हा कादंबरीच्या मूळ स्वभावाला धरून आहे.

आपल्याकडे ‘रहस्यकथा’ या शब्दातच एक अडचण आहे. झुंजार आणि काळापहाड यांच्यावर वाढलेल्या मराठी वाचकाला रहस्य म्हणजे शेवटपर्यंत झाकून ठेवलेली गोष्ट. जपानी भाषेतही युद्धोत्तर काळात ‘सुइरि शोसेत्सु’, म्हणजे तर्काची कादंबरी, हाच शब्द रूढ झाला. ‘आउट’मध्ये झाकलेले काही नाही, खून कोणी केला हे आपण खून होताना पाहतो. तरीही हा प्रकार जपानमध्ये किरिनोंना आयता मिळाला नव्हता असे नाही. १९५७ मध्ये एत्सुको निकी यांना आणि १९६२ मध्ये मासाको तोगावा यांना राम्पो पारितोषिक मिळाले होते. सेइचो मात्सुमोतो यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुन्ह्यामागचे समाजकारण कादंबरीत आणले होते. मियुकी मियाबे यांनी १९९२ च्या ‘काशा’त उधारीच्या पत्त्यांवर उभे राहिलेले आणि कोसळलेले एका तरुणीचे आयुष्य दाखवले होते. पण मियाबेंच्या कादंबरीत त्या तरुणीचा शोध घेणारा पोलिस आहे, आणि त्याच्या सहृदयतेच्या प्रकाशात आपण तिला पाहतो. किरिनोंनी हा सहृदय मध्यस्थच काढून टाकला. त्यांच्याकडेही आरंभी मिरो मुरानो ही गुप्तहेर नायिका होती, १९९३ मधील पारितोषिकप्राप्त कादंबरीत ती प्रथम आली. २००२ च्या ‘डार्क’मध्ये किरिनोंनी आपल्या हातांनी तिची मोडतोड केली. शोध घेणारी व्यक्ती सुरक्षित अंतरावर उभी आहे, ही सोय त्यांना नको होती. ‘कोवळे गाल’मध्ये तर होक्काइदोत हरवलेल्या पाच वर्षांच्या मुलीचे काय झाले, हे कादंबरी निश्चितपणे सांगतच नाही. मरणपंथाला लागलेला माजी पोलिस आणि ती आई यांच्या मनातल्या निरनिराळ्या शक्यता तेवढ्या आपल्याला मिळतात.

यापेक्षा कठीण प्रश्न २००३ च्या ‘ग्रोटेस्क’ने उभा केला. मार्च १९९७ मध्ये टोकियोच्या शिबुया भागात एका बाईचा खून झाला. ती दिवसा एका मोठ्या वीज कंपनीत जबाबदारीच्या पदावर होती आणि रात्री रस्त्यावर गिऱ्हाइके शोधत असे. वृत्तपत्रांना आणि साप्ताहिकांना खुनी कोण यापेक्षा तिच्या दुहेरी आयुष्यात रस होता. किरिनोंच्या काझुए सातोमागे ही बाई उभी आहे, हे जपानी वाचकाला सांगावे लागले नाही. मृत बाईच्या आयुष्यावर, तिची संमती नसताना, असे पुस्तक लिहावे काय? हा आक्षेप रास्त आहे आणि ‘वास्तवाचा आधार घेणे हा लेखकाचा हक्कच आहे’ या उत्तराने तो संपत नाही.

आमचे उत्तर पुस्तकाच्या रचनेत आहे. ‘ग्रोटेस्क’ काझुएच्या मनाचा उलगडा करण्याचा आव आणत नाही. कथा सांगते ती एक विषारी, निनावी बाई. तिची बहीण युरिको आणि वर्गमैत्रीण काझुए या दोघींच्या मरणातून तिला एक प्रकारचे समाधान मिळते. तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही, पण आपण तिचे ऐकत राहतो. म्हणजे साप्ताहिकांच्या वाचकाच्या खुर्चीतच किरिनो आपल्याला बसवतात. जिथे मुली मुलींना कपडे, घराणे आणि रूप यांवरून तोलतात त्या उच्चभ्रू ‘क्यू’ शाळेचे चित्रण हा या कादंबरीचा सर्वांत समृद्ध भाग. परिश्रमाने सारे मिळते यावर विश्वास ठेवणारी काझुए तिथे प्रथम हास्यास्पद होते. आणि शेवटी तिच्या रोजनिशीत दिवसाच्या कचेरीनंतरची दुसरी पाळी नोंदलेली सापडते: तारीख, गिऱ्हाईक, मिळालेले येन. पुन्हा हिशेबाची वही. या वेळी किरिनोंनी ती मिटली नाही.

एक दोष मात्र नोंदवलाच पाहिजे. प्रत्यक्षातील खटल्यात गोविंद प्रसाद मैनाली या नेपाळी तरुणाला अटक झाली. २००० साली खालच्या न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले, त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने जन्मठेप दिली, आणि २०१२ मध्ये फेरसुनावणीत तो निर्दोष सुटला. किरिनोंनी त्याच्या जागी झांग हा चिनी स्थलांतरित आणला. झांग युरिकोचा खून कबूल करतो, काझुएचा नाकारतो. काझुएचा खून कादंबरी खुला ठेवते. निकाल लागण्याआधी निकाल न देण्याचा हा विवेक २०१२ नंतर अधिकच उठून दिसतो. परंतु एका खुनाची कबुली परकीयाच्या तोंडी घातल्याने तो शंकेखालीच राहतो, आणि तेही चिनी गुन्हेगारांच्या बातम्यांनी जपानी वृत्तपत्रे भरलेली असताना. झांगच्या चीनमधील दारिद्र्याची लांबलचक कहाणी या दोषाचे परिमार्जन करू शकत नाही. ‘आउट’मधील ब्राझिली काझुओ मियामोरी हा एका अत्याचाराच्या प्रयत्नाने कथेत येतो, पण पुढे कादंबरी त्याला माणूस म्हणून वाढू देते, झांगच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

या साऱ्यानंतर किरिनो ‘साहित्या’त पोहोचल्या असे सांगितले जाते. २०१० मधील ‘नानिका आरु’ ही कादंबरी फुमिको हायाशी या लेखिकेविषयी आहे. युद्धकाळात, १९४२ साली, लष्कराच्या योजनेतून हायाशी आग्नेय आशियात गेल्या होत्या. तिला योमिउरी पारितोषिक मिळाले आणि शिडीचा सिद्धान्त मांडणाऱ्यांचे काम सोपे झाले. पण तिचा विषय काय आहे? हुकुमाबरहुकूम लिहिणारी बाई. २०२० च्या ‘निचिबोत्सु’मध्ये (सूर्यास्त) एका कादंबरीकार बाईला सरकारी पत्र येते, वाचकांनी तिच्या पुस्तकांविषयी तक्रारी केल्या आहेत. समुद्रकाठच्या एका ‘आरोग्यधामा’त तिला ठेवले जाते आणि समाजाला रुचेल असे, चांगले, स्वच्छ लिहायला सांगितले जाते. अन्न किती मिळेल ते वागणुकीवर. तिथे ती निबंध लिहू लागते, अगदी मागणीबरहुकूम, आणि तिला ते जमते, ही या कादंबरीतील सर्वांत लाजिरवाणी आणि खरी जागा. नोबारा नोएमीचे वाचक ती चटकन ओळखतील.

२०२२ मधील ‘त्सुबामे वा मोदोत्ते कोनाइ’ (पाकोळ्या परतत नाहीत) या कादंबरीत प्रेत नाही आणि पोलिसही नाहीत. होक्काइदोहून टोकियोत आलेली एकोणतीस वर्षांची रिकी एका रुग्णालयात कंत्राटी कारकुनी करते. पगारात घरभाडे आणि जेवण भागत नाही; दुकानातला तयार डबाही विचार करून घ्यावा लागतो. एका सधन जोडप्यासाठी ती पैशाच्या बदल्यात गर्भ वाढवायला तयार होते. जपानमध्ये या व्यवहाराला कायद्याने स्पष्ट बंदी नाही आणि मान्यताही नाही. मग करारपत्र येते, रक्कम येते, हप्ते येतात, आणि रिकीने कुठे जावे, काय करावे याविषयीच्या अटी येतात. यात गुन्हा कुठे आहे, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर त्याला आम्ही ‘आउट’मधील न्हाणीघराचे प्रकरण पुन्हा वाचायला सांगू, आणि त्यानंतर हे करारपत्र.